ईथरचं कोष्टक: गणपतीच्या विज्ञान कोपऱ्यासाठीच्या चालू नोंदी

३ ऑगस्ट २०२४

ठरलं एकदाचं. यंदा सोसायटीच्या गणपतीत विज्ञान कोपऱ्याचा विषय ईथर, म्हणजे प्रकाशाची लाट ज्यातून जाते असं एकेकाळी मानलं जायचं ते माध्यम. मागच्या वर्षी चांद्रयान होतं त्यामुळे गर्दी आपोआप झाली, यंदा कमिटीत विषय सांगितला तर कुणी काही बोलेचना, मग खजिनदार काकांनी विचारलं खर्च किती. फार नाही म्हटल्यावर मंजूर.

आत्ता डोक्यात एवढंच आहे: चार पॅनेल, टेबलावर एक छोटा इंटरफेरोमीटर (प्रकाशाचा किरण दोन वाटांत फोडून परत एकत्र आणणारं यंत्र) आणि एक मोठं कोष्टक. कोष्टक भाची करणार, ती बारावी सायन्सला आहे आणि तिचा एक्सेलवर हात बसलेला आहे. एका बाजूला ईथरचे प्रकार, दुसऱ्या बाजूला प्रयोग, आणि चौकटीत जमतं की नाही ते. क्रमिक पुस्तकात गोष्ट कशी असते तर यंगने दोन फटींतून प्रकाश सोडला, प्रकाश म्हणजे लाट हे ठरलं, लाटेला माध्यम हवं म्हणून ईथर मानला, मायकेलसन-मोर्लेनी १८८७ ला तो शोधला, मिळाला नाही, विषय संपला. मधली ऐंशीएक वर्षं गायब! मला तीच हवीयत, कारण खरी भांडणं सगळी तिथे आहेत.

६ ऑगस्ट

पहिलं पॅनेल पटकन उरकलं. देकार्तच्या मते रिकामी जागा नसतेच, सगळीकडे काहीतरी ठासून भरलंय आणि प्रकाश म्हणजे त्यातून पोचणारा दाब. हायगेन्सने (१६७८ ला पॅरिसच्या अकादमीत वाचलं, पुस्तक १६९० ला) ईथरचे कडक लवचीक कण मानले, एकाने दुसऱ्याला ढकलायचं आणि धक्का पुढे जायचा, आणि एवढ्या जोरावर आइसलँड स्पार या पारदर्शक स्फटिकामधून दोन प्रतिमा का दिसतात तेही बरंचसं काढलं. न्यूटनचा कल कणांकडे, पण तोसुद्धा 'ऑप्टिक्स'च्या नंतरच्या आवृत्तीत प्रश्न विचारता विचारता ईथरकडे वळतोच. म्हणजे तो कणवाला आणि हायगेन्स लाटवाला अशी शाळेतली सरळ वाटणी काही खरी नाही. एवढं पुरे. इथे जास्त रमलो तर पुढचं राहून जाईल.

११ ऑगस्ट

ब्रॅडलीवर अख्खा रविवार गेला आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

१७२५ च्या डिसेंबरात लंडनजवळ क्यू इथे मॉलिनो आणि ब्रॅडली गॅमा ड्रॅकोनिस हा तारा बघायला लागले, तो तिथे जवळजवळ डोक्यावरून जातो म्हणून निवडलेला. शोधत होते पॅरॅलॅक्स, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याने तारा जरा इकडेतिकडे दिसतो का. तारा हलला, पण चुकीच्या महिन्यांत! पॅरॅलॅक्सने ज्या वेळी जास्तीत जास्त सरकायला हवा त्याच्या तीन महिने पुढेमागे. १७२८ पर्यंत ब्रॅडलीला उलगडलं की हे पृथ्वी कुठे आहे यामुळे होत नाहीये, ती कुठल्या दिशेने पळतेय यामुळे होतंय. प्रकाश दुर्बिणीच्या वरच्या टोकातून खाली येईपर्यंत नळी थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून नळी तिरकी धरावी लागते. किती तिरकी? पृथ्वी सेकंदाला ३० किमी, प्रकाश ३ लाख, भागाकार दहा हजारात एक, कोनात साधारण २० सेकंद (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ब्रॅडलीला मिळाला तो आकडा हाच.

प्रकाश कणांचा असेल तर हे सरळच आहे. लाट असेल तर मात्र अट येते की नळीच्या आतला ईथर नळीबरोबर अजिबात जाता कामा नये, पृथ्वी पळू दे, दुर्बीण पळू दे, तो जागचा हलणार नाही. यंगने १८०४ ला तसंच लिहून टाकलं, की झाडांच्या राईतून वारा जातो तसा ईथर सगळ्या वस्तूंमधून आरपार जात असणार. कोष्टकाची पहिली चौकट भरली: ब्रॅडलीला स्थिर ईथर हवा. भाची म्हणाली, "मावशी, मग हिरवा रंग देऊ?" म्हटलं दे, पण फार खूश होऊ नकोस.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आले आणि बसले. फ्रेनेल.

गोल चकतीच्या सावलीत मधोमध उजेडाचा ठिपका पडतो ती गोष्ट (पॉइसाँने टिंगल म्हणून काढलेला निष्कर्ष, अरागोने करून बघितला तर ठिपका खरंच होता) सगळ्यांना माहीत असते, पॅनेलवर दोन ओळीत. मला थांबायचंय ते दुसऱ्या गोष्टीवर. १८१० ला अरागोने दुर्बिणीपुढे प्रिझम लावून वेगवेगळ्या ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो ते मोजलं. हिशोब असा की एखाद्या ताऱ्याकडे पृथ्वी धावतेय, एखाद्यापासून लांब, म्हणजे काचेत शिरणाऱ्या प्रकाशाचा वेग वेगळा, म्हणजे वळणं वेगळं. फरक शून्य. आता ईथर स्थिर आणि काच त्यातून पळतेय असं असेल तर फरक दिसायला हवा होता, मग अरागोने फ्रेनेललाच विचारलं की बाबा हे लाटांच्या थिअरीत बसतं का, आणि १८१८ ला फ्रेनेलने पत्रातून उत्तर दिलं: काचेच्या आत ईथर जास्त दाट असतो, जेवढा जास्तीचा आहे तेवढाच काचेबरोबर जातो, बाकीचा जागेवर. त्यातून आकडा निघतो १ वजा १ भागिले n चा वर्ग. n म्हणजे वस्तूचा अपवर्तनांक, प्रकाश तिच्यात किती पट हळू जातो तो आकडा. पाण्याचा १.३३ धरला तर उत्तर ०.४३५. पाणी वाहतं तेव्हा त्यातला प्रकाश पाण्याच्या वेगाच्या साधारण ४३ टक्क्यांनीच पुढे ढकलला जातो. हवेचा n जवळपास १, म्हणून तिथे ओढ जवळजवळ शून्य, म्हणजे ब्रॅडलीही सुखी.

हे एवढंसं सूत्र माझ्या मते या सगळ्या कहाणीचा हिरो आहे आणि आमच्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता.

दुसरं लफडं १८२१ चं. पोलरायझेशन (प्रकाशाची थरथर एकाच ठरावीक दिशेत असणं) समजावायचं तर लाट आडवी हलायला हवी, पुढेमागे नाही. आडवी लाट द्रवात किंवा वायूत आत चालत नाही, घट्टपणा लागतो. म्हणजे ईथर घन! आणि त्यातून ग्रह कोट्यवधी किलोमीटर फिरतात आणि जराही अडत नाहीत. शिवाय घन पदार्थात पुढेमागे हलणारी लाटही असते, ती प्रकाशात कधीच दिसत नाही, तिचं काय करायचं यावर कोशी, ग्रीन वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं घालवली. स्टोक्सने मेणाचा दाखला दिला, चांभाराचं मेण झटका दिला तर तुटतं आणि हळू दाब दिला तर वाहतं, तसा ईथर प्रकाशाच्या वेगवान थरथरीला घन आणि ग्रहांच्या संथ चालीला द्रव. दाखला झकास आहे, यातून नेमका आकडा मात्र निघत नाही. मॅककुलाने १८३९ ला असा ईथर मांडला की जो दाबला, ताणला तरी विरोध करत नाही, फक्त पीळ दिला तर करतो. असा पदार्थ कुणी पाहिलेला नव्हता म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि चाळीस वर्षांनी फिट्झजेराल्डच्या लक्षात आलं की त्याची समीकरणं मॅक्सवेलच्या समीकरणांशी जुळतात.

१८ ऑगस्ट

टेबलाचं काम. मायकेलसन-मोर्लेनी दीड मीटर चौरस, ३० सेंटीमीटर जाड वालुकाश्म पाऱ्यावर तरंगवला होता. आमच्याकडे ओट्याचं काम चाललेल्या एका घरातून उरलेली कडप्पा फरशी, खाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब. पारा अर्थातच नाही, लहान मुलं येणार. लेझर पॉइंटर, बीम स्प्लिटर (किरण दोन वाटांत फोडणारी काच), दोन आरसे (पुढच्या बाजूने पॉलिश असलेले, साध्या आरशाने दोन-दोन प्रतिमा येतात), एक भिंग, आणि पडदा म्हणून पांढरा कार्डशीट. बाजू २५ सेंटीमीटर.

पट्टे आले, दोन वाटांचा प्रकाश एकत्र आला की पडद्यावर पडणारे उजेड-अंधाराचे पट्टे! आणि लगेच थरथरायला लागले कारण मागच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू. ठेका पडला की पट्टे गायब. १८८१ ला मायकेलसनने हे यंत्र पहिल्यांदा बर्लिनमध्ये मांडलं (पैसे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचे) तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीने तेच झालं, शेवटी त्याने सगळं पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवलं. आम्हाला पॉट्सडॅम नाही, रात्री दहानंतर बसायचं.

भाचीने गणित केलं की आपलं यंत्र फिरवलं तर ईथरच्या वाऱ्याने (पृथ्वी स्थिर ईथरमधून पळते म्हणून आपल्याला तो समोरून वाहतोय असं दिसायला हवं) पट्टे किती सरकायला हवेत. दुप्पट लांबी भागिले तरंगलांबी, गुणिले पृथ्वीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग याचा वर्ग, म्हणजे दहा कोटीत एक. उत्तर ०.००८ पट्टा. डोळ्याला दिसणं शक्य नाही. त्यामुळे पाटीवर "मायकेलसन-मोर्लेचा प्रयोग" असं लिहायचं नाही, "या यंत्राचं तत्त्व" एवढंच लिहायचं. दुसरीकडे एका बाजूजवळ नुसता हात धरला की पट्टे धावतात, कारण हवा तापते. हवा १ अंशाने तापली की या लांबीवर जवळपास पाऊण पट्टा सरकतो, ईथरकडून अपेक्षित होता त्याच्या नव्वदएक पट. हे मात्र लोकांना दाखवायचं, पुढे मिलर नावाच्या शास्त्रज्ञाच्या वेळी लागणार आहे.

२४ ऑगस्ट

फिझो. हे पॅनेल सगळ्यात मोठं करणार आहे, कुणी काही म्हणो.

आधी स्टोक्सची बाजू. १८४५ ला तो म्हणाला की फ्रेनेलचं अर्धमुर्धं ओढणं कशाला, पृथ्वी आपल्याजवळचा ईथर पूर्णच ओढून नेते आणि वर गेलं की हळूहळू ती ओढ कमी होत जाते, आणि ईथरची हालचाल भोवरे नसलेली मानली तर ब्रॅडलीचा कोनही बरोबर येतो. म्हणजे आता तीन पार्ट्या: अजिबात न हलणारा, थोडा ओढला जाणारा, पूर्ण ओढला जाणारा.

फिझोने १८५१ ला U आकाराच्या नळ्यांतून पाणी सेकंदाला ७ मीटरने सोडलं. प्रकाशाचे दोन किरण, एक पाण्याबरोबर, दुसरा पाण्याविरुद्ध, नंतर एकत्र आणून पट्टे बघायचे. ईथर पूर्ण ओढला जात असेल तर सरकायला हवं ०.४६ पट्टा, फ्रेनेल खरा असेल तर ०.२०, स्थिर असेल तर शून्य. मिळालं ०.२३. ७ मीटर म्हणजे मुलगा सायकल जोरात मारतो तो वेग हो, आणि त्याच्यावर प्रकाशाच्या वेगातला फरक पकडला! १८८६ ला मायकेलसन आणि मोर्लेनी हा प्रयोग आणखी नीट केला (दोन वर्षं आधी बाल्टिमोरला केल्विनची व्याख्यानं दोघांनी ऐकली होती, त्यातून हे सगळं पेटलं), आकडा मिळाला ०.४३४. फ्रेनेलच्या सूत्राने, n जरा जास्त नेमका धरून, ०.४३७.

याउप्पर एअरीने १८७१ ला ग्रिनिचला दुर्बिणीच्या नळीत पाणी भरून तोच गॅमा ड्रॅकोनिस बघितला. पाण्यात प्रकाश हळू जातो म्हणजे नळी जास्त तिरकी धरावी लागायला हवी. नाही लागली. फ्रेनेलच्या ओढीने हे बरोब्बर जमतं.

म्हणजे फ्रेनेल जिंकला? भाचीला तेच वाटलं, पूर्ण आडवी ओळ हिरवी करून बसली. मग तिला मी विचारलं, n सगळ्या रंगांना सारखा असतो का. नसतो, म्हणून तर प्रिझमने इंद्रधनुष्य पडतं. मग लाल प्रकाशासाठी पाण्यात एवढा ईथर ओढला जातो आणि निळ्यासाठी तेवढा? एकाच पाण्यात, एकाच वेळी? हा मुद्दा १८७० च्या सुमारास फेल्टमानने मांडला होता. प्रत्येक रंगाला स्वतःचा वेगळा ईथर! सूत्र बरोबर आणि त्यामागची गोष्ट अशक्य. भाची बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, मग तिने हिरव्याचा पिवळा केला आणि म्हणाली की हे एक्सेलमध्ये नीट दाखवताच येत नाही.

२७ ऑगस्ट

मॅक्सवेल, थोडक्यात. १८६१-६२ ला त्याने ईथरमध्ये फिरणारे भोवरे आणि त्यांच्या मधे छोटी चाकं कल्पून विजेची आणि चुंबकाची समीकरणं काढली, त्यातल्या लाटेचा वेग निघाला सेकंदाला ३,१०,७४० किमी, आणि फिझोने दातेरी चाकाने मोजलेला प्रकाशाचा वेग होता ३,१४,८५८. एवढं जवळ आल्यावर कुणीही म्हणेल की प्रकाश त्याच माध्यमातली थरथर आहे. १८६५ च्या पेपरात मात्र चाकंबिकं गायब, नुसती समीकरणं. मला वाटतं ईथरच्या मरणाची सुरुवात इथे आहे, कारण समीकरणांना चाकांची गरज पडली नाही. मॅक्सवेलला स्वतःला ईथरबद्दल काडीचीही शंका नव्हती, हे विशेष. एन्सायक्लोपीडियात ईथरवर लेख त्यानेच लिहिला.

मार्च १८७९ ला त्याने वॉशिंग्टनच्या नॉटिकल अल्मनॅक ऑफिसातल्या टॉडला पत्र लिहिलं की गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांवरून सूर्यमाला ईथरमधून किती वेगाने जातेय ते काढता येईल का, आणि पृथ्वीवर हे मोजणं अशक्य, परिणाम दहा कोटीत एक इतका बारीक. हे पत्र त्याच ऑफिसातल्या मायकेलसनच्या नजरेस पडलं. मॅक्सवेल नोव्हेंबरात गेला.

३१ ऑगस्ट

मायकेलसन-मोर्ले. सगळ्यांना माहीत आहे म्हणून फक्त जे माहीत नसतं ते.

१८८१ च्या यंत्राची बाजू साधारण १.२ मीटर, नीट हिशोबाने अपेक्षा ०.०४ पट्टा. मायकेलसनच्या मूळ गणितात दुपटीची गडबड होती, ती पोतिए आणि लॉरेन्ट्झनी दाखवली. तरी मायकेलसनने निष्कर्ष काय काढला, तर ईथर नाही असं नव्हे, स्थिर ईथर चुकीचा. म्हणजे स्टोक्सला मत. १८८७ ला क्लीव्हलंडमध्ये आरशांवर पुन्हा पुन्हा परतवून वाट ११ मीटर केली, अपेक्षा ०.४ पट्टा. निरीक्षणं ८, ९, ११ आणि १२ जुलैला, दुपारी आणि संध्याकाळी, दगड सहा मिनिटांत एक फेरी असा सावकाश फिरतोय आणि मायकेलसन त्याच्याबरोबर चालत चालत भिंगातून आकडे सांगतोय. सरकणं अपेक्षेच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. पेपरात लिहिलंय की दर तीन महिन्यांनी परत करू, म्हणजे पृथ्वीची दिशा बदलल्यावर काय होतं कळेल. केलं नाही! दोघंही दुसऱ्या कामाला लागले. जगातला सगळ्यात गाजलेला नकार आणि तो देणाऱ्यांनाच पुढे करायचा कंटाळा आला.

आता कोष्टक बघा. मायकेलसनला ईथर पृथ्वीबरोबर पूर्ण ओढलेला हवा, ब्रॅडलीला न हललेला, फिझोला ४३ टक्के. स्टोक्सवाल्यांना आनंद व्हायला हवा होता पण लॉरेन्ट्झने १८८६ लाच दाखवलेलं की भोवरे नसलेला आणि जमिनीशी पूर्ण चिकटलेला असा न दबणारा ईथर गणितातच बसत नाही. आणि १८९३ ला लॉजने लिव्हरपूलला दोन मोठ्या पोलादी चकत्या अगदी जवळजवळ ठेवून गरगर फिरवल्या, मधून प्रकाश सोडला, चकत्यांनी ईथर ओढला का? नाही.

२ सप्टेंबर

फिट्झजेराल्ड (१८८९) आणि लॉरेन्ट्झ (१८९२) यांचं आकुंचन, म्हणजे चालीच्या दिशेने वस्तू किंचित आखडते म्हणून मायकेलसनला काही दिसत नाही. लोक याला ओढूनताणून केलेली पळवाट म्हणतात. पण लॉरेन्ट्झचं त्याच वर्षीचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, त्याने ईथर पूर्ण स्थिर ठेवला आणि पाण्यातले विद्युतभार प्रकाशाने थरथरतात एवढ्यावर फ्रेनेलचं सूत्र काढून दाखवलं. ओढत कुणीच कुणाला नाही! रंगागणिक वेगळा ईथर ही अडचणही गेली, कारण रंगाप्रमाणे भारांचा प्रतिसाद बदलतो.

म्हणजे बघा हं, मॅक्सवेलने ईथरची चाकं काढली, लॉरेन्ट्झने त्याचं ओढलं जाणं काढलं, आणि हाती उरलं काय तर स्थिर असणं. एकच काम. १९०५ ला आइन्स्टाइनने म्हटलं की आपल्या सापेक्षतेच्या थिअरीत ईथर आणायची गरजच नाही. ईथर नाही हे त्याने कुठल्या प्रयोगाने सिद्ध केलं नाही, काम उरलं नव्हतं म्हणून बाजूला ठेवला. १९०७ ला लाउएने वेगांची बेरीज आइन्स्टाइनच्या नियमाने केली आणि फ्रेनेलचं सूत्र दोन ओळीत पडलं. भाचीला करायला दिलं, तिने केलं, पाण्यासाठी ०.४३५ आलं, आणि कोष्टकाला "ईथर नाही" अशी नवीन आडवी ओळ जोडली. ती ओळ हिरवी आहे, कुठेही पिवळा नाही.

५ सप्टेंबर

कमिटीतल्या एका काकांचा आग्रह की पहिल्या पॅनेलवर पंचमहाभूतांतलं आकाश टाका, आपल्याकडे हे आधीपासून होतंच. गोडीत नाही म्हटलं. आकाशतत्त्वाला कुणी ०.४३ विचारत नाही, आणि या ईथरची सगळी मजाच ही की त्याला आकडा विचारता आला म्हणून तो पडला. काका थोडे नाराज, पण लाइटिंगची वायर त्यांनीच ओढून दिली.

चौथ्या पॅनेलवर मिलर टाकला. डेटन मिलर, १९२० च्या दशकात माउंट विल्सनवर वर्षानुवर्षं दगड फिरवत राहिला, आणि सेकंदाला १० किमीचा ईथरचा वारा मिळाला म्हणाला. खोटारडा नव्हता, अतिशय चिकाटीचा माणूस. १९३० ला जर्मनीत योसला तसलं काही मिळालं नाही. १९५५ ला, मिलर जाऊन चौदा वर्षं झाल्यावर, शँकलंड आणि मंडळींनी त्याच्या नोंदी परत तपासल्या आणि खोलीतल्या तापमानाचा फरक हे कारण काढलं. खाली बाण काढलाय: "इथे हात धरून बघा".

लॉरेन्ट्झ १९२८ ला गेला तोवर त्याने ईथर सोडला नव्हता. मायकेलसनही १९२७ मध्ये ईथरबद्दल जिव्हाळ्यानेच बोलत होता. त्यामुळे "ईथरचा मृत्यू: १८८७" अशी पाटी कुणीतरी सुचवली होती ती रद्द केली.

९ सप्टेंबर

कोपरा लागला. आरती झाली की लोक येतात, हात धरून पट्टे पळवायला मुलांची रांग. कोष्टकापुढे मोठी माणसं जास्त थांबतात, हे अनपेक्षित.

काल एक गृहस्थ आले, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की सॅग्नॅकने १९१३ ला ईथर सिद्ध केला आणि हे दडपलं गेलंय. सॅग्नॅकला स्वतःला तसं वाटत होतं हे खरं आहे. फिरत्या टेबलावर दोन किरण उलटसुलट दिशेने फिरवले की पट्टे सरकतात. पण लाउएने १९११ लाच, प्रयोगाच्या आधी, लिहिलेलं की फिरणाऱ्या यंत्रात स्थिर ईथर आणि सापेक्षता दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणजे हा प्रयोग दोघांत निवड करूच शकत नाही. विमानात जे लेझर जायरोस्कोप (वळण मोजणारी यंत्रं) असतात ते याच तत्त्वावर. गृहस्थ म्हणाले मग कोष्टकात का नाही. बरोबर बोलले. रात्री भाचीने रकाना वाढवला: सॅग्नॅक, स्थिर ईथर हिरवा, ईथर नाही हिरवा, पूर्ण ओढलेला लाल. फ्रेनेलच्या चौकटीवर अजून वाद चालू आहे, ती म्हणते हवेत ओढ जवळजवळ शून्यच आहे मग हिरवाच दे, मी म्हणते रंगांचा घोळ तसाच आहे तर पिवळा राहू दे. प्रिंट उद्या सकाळी काढायची आहे.